लॅपटॉपचे मानकरी

आमच्या कंपनीतला लॅपटॉप सुरू व्हायला अठरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलीत. अठरा मिनिटांत चाकण चौक ओलांडून होत नाही हे मान्य, पण लॅपटॉपला कुठं चौक ओलांडायचा होता? त्याला नुसतं उघडायचं होतं, आणि तेवढंही मेल्याला जमत नव्हतं.

लॅपटॉप क्वालिटीचा, म्हणजे माझ्या खात्याचा. आम्ही गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनवतो. कुठला ब्रॅकेट कधी तपासला, कुणी तपासला, त्याच्या सगळ्या नोंदी त्यात. पण तो ठेवलेला मालकांच्या केबिनमध्ये. महागाची वस्तू नजरेसमोर असावी, असं मालकांचं मत. मालक सोपानराव, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांची शेती एमआयडीसीत गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर कंपनी उभी राहिली. नाव 'गोजाई प्रेस पार्ट्स', आईच्या नावावरून. केबिनमध्ये देव्हारा, सोफा, माशांची पेटी आणि कोपऱ्यात माझा लॅपटॉप. यूपीएस एकच, तोही माशांना जोडलेला. लाईट गेली तर मासे गुदमरू नयेत म्हणून.

गुरुवारी ऑडिट होतं. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो तिथला माणूस येणार आणि म्हणणार, अमक्या महिन्याचा रेकॉर्ड काढा. पाच मिनिटांत काढून दाखवायचा, असा त्यांचा नियम. मागच्या वेळी आम्ही वीस मिनिटं लावली होती आणि लेखी ताकीद घेतली होती. या वेळी नापास झालो तर नव्या गाडीचं काम दुसरीकडे जाणार. अण्णांनी भर शॉपवर, मशिनींच्या मधे उभं राहून, सगळ्यांसमोर सांगितलं, "अपेक्षा, ह्ये ऑडिट पास कर अन परमनंटचं लेटर घिऊन जा."

परमनंट! पाच वर्षं मी या शब्दाच्या मागे आहे. मी ठेकेदाराच्या नावावर. दर अकरा महिन्यांनी माझं कार्ड काढून घेतात, आठवडाभर घरी बसवतात, मग नवा नंबर देऊन परत बोलावतात, जणू कालपरवाच आले आहे मी. कंपनीच्या बसमध्ये आधी परमनंटवाले बसणार, मग जागा उरली तर आम्ही. दोन वर्षांपूर्वी याच घरी बसवलेल्या आठवड्यात मला मुतखड्याची कळ आली. पिंपळे गुरवच्या खोलीतून मैत्रिणीने रिक्षात घालून कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, कार्ड बंद दाखवतंय. मी पोट धरून जमिनीवर बसले होते आणि तो परत परत तेच सांगत होता. म्हणून मला ते लेटर पाहिजे होतं. हौस म्हणून नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, लॅपटॉप सकाळीच सुरू करून ठेव ना. कशी ठेवू? बॅटरी कधीच मेलेली. आणि ऑडिट गुरुवारी. आमच्याकडे गुरुवार म्हणजे लाईट जाण्याचा वार, हे शेंबडं पोरही सांगेल. लाईट गेली, जनरेटर लागला, की लॅपटॉप पहिल्यापासून श्रीगणेशा. मासे तेवढे सुखात.

तेव्हा लॅपटॉप दुरुस्त करायचं काम प्रीतमकडे गेलं. प्रीतम अण्णांचा पुतण्या. त्याच्या कार्डावर 'आयटी हेड' असं छापलंय. आयटीत दुसरं कुणीच नाही, म्हणजे हेडही तोच आणि शेपूटही तोच. त्याचा पहिला इलाज रिफ्रेश. स्क्रीनवर उजवं बटण दाबायचं आणि रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश, बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाणी मारतात तसं. वीस वेळा मारून झाल्यावर म्हणाला, "आता बघा मॅडम, फरक पडला का." मी बघितलं. त्याच्या बोटाला घट्टा पडला होता, बाकी काही नाही.

मग त्याने व्हाय-व्हाय काढलं. चाकण पट्ट्यातली ही रीतच आहे. काही बिघडलं की लगेच हात लावायचा नाही. आधी बोर्डावर 'का?' असं पाच वेळा विचारत खाली उतरायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण सापडतं म्हणे. जपानी लोकांनी शोधून काढलंय. जपान्यांना प्रीतम भेटला नव्हता. त्याने लिहिलं, लॅपटॉप उशिरा का उघडतो? सकाळी चालूच उशिरा होतो. उशिरा का? चालू करणाऱ्या मॅडम उशिरा येतात. त्या का? कंपनीची बस उशिरा येते. बस का? चौकात अडकते. चौकात का? ट्रॅफिक. झालं, सापडलं मूळ कारण! खाली रकाने असतात, तेही त्याने भरले. उपाय: ट्रॅफिक सुरळीत करणे. जबाबदार व्यक्ती: अपेक्षा. मुदत: गुरुवारच्या आत. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि खाली सही केली. मी कपाळावर हात मारून घेतला.

राहिल्या होत्या गोजाआजी. अण्णांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढे. त्या रोज साडेनऊला केबिनमधल्या सोफ्यावर येऊन बसतात, कारण लॅपटॉप लावला की त्यात भैरोबाची आरती लागते. प्रीतमनेच आजीसाठी लावून दिलेली. आजींनी लॅपटॉपकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दिष्ट लागलीया त्येला. एवढं चकचकीत आणलं, गावाचं डोळं काय गप बसत्यात व्हय?" मग मीठ-मोहऱ्या आल्या. सात वेळा ओवाळून झालं. मीठ नीट कँटीनच्या चुलीपर्यंत गेलं, पण मोहऱ्या आजींच्या थरथरत्या मुठीतून किबोर्डात गळल्या. त्यानंतर स्पेसबार दाबला की आतून मोहरी वाजायची.

असं सोमवार-मंगळवार गेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बुधवारी मात्र माझं डोकं फिरलं. मी गेटपास केला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि सरळ पिंपरी कॅम्पातलं मोईजभाईंचं दुकान गाठलं. मोईजभाई बावीस वर्षं कॉम्प्युटरच दुरुस्त करतात. बोलतात कमी. माझा मोबाईलही तेच बघतात.

"चालू करा," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

चालू केला. आधी भैरोबाची आरती. स्क्रीनभर देव, आणि पाचही कडवी संपेपर्यंत माऊस हलत नाही. मोईजभाईंनी शांतपणे हात मांडीवर ठेवले. मग कॅमेरे आले, सोळा चौकोन. त्यातले चार कंपनीचे, बाकी फार्महाऊस, कांद्याची वखार आणि गोठा. एका चौकोनात म्हैस रवंथ करत होती. मोईजभाईंनी म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर राज्यातल्या झाडून सगळ्या बाजारांचे कांद्याचे भाव. ते प्रीतमचे वडील, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ दत्तोबा तात्या यांचे. तात्यांची चाकणच्या बाजारात कांद्याची आडत आहे. नंतर अँटिव्हायरस. एक लॅपटॉपबरोबर आलेला. आणि दुसरा? अण्णांचे जावई अँटिव्हायरस विकतात, त्यांनी सासऱ्याला भेट दिलेला! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ते दोन्ही अँटिव्हायरस एकमेकांनाच चोर समजून झडती घेत बसायचे. सगळ्यात शेवटी प्रीतमदादांच्या वाढदिवसाचे फोटो, एकामागून एक, गॉगलसकट, आणि खाली शुभेच्छुक एकतीस. वाढदिवस फेब्रुवारीत झाला होता. आता ऑगस्ट संपत आला होता.

अठरा मिनिटं आणि वर काही सेकंद. मोईजभाई म्हणाले, "ताई, मशीन चांगली आहे. वरात मोठी आहे."

त्यांनी मला यादी उघडून दाखवली. लॅपटॉप लावला की आपोआप काय काय उठतं, ते त्यात एकाखाली एक लिहिलेलं असतं. समोर चालू-बंदचं बटण. "यातलं तुमच्या कामाचं काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. माझी फाईल सगळ्यांचं झाल्यावर मी हाताने उघडते."

"मग बंद करू?"

बंद करू म्हणे! त्यांना काय माहीत. या घरात जत्रेला पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं. लॅपटॉपवर सुद्धा आधी वाढदिवस आणि मग कांदा येतो म्हणून तात्या पंधरा दिवस अण्णांच्या घरी जेवले नव्हते. पोटच्या पोराचा वाढदिवस, तरी! प्रीतमला सगळं काढून कांदा वर घ्यावा लागला होता. जावयाच्या अँटिव्हायरसची तर गोष्टच सोडा. अण्णा स्वतः म्हणाले होते की एक वेळ व्हायरस चालेल, पण पोरीच्या सासरी बोल नको. म्हणजे ही यादी नव्हती, मानकऱ्यांची रांग होती. आणि मी कोण, तर ठेकेदाराची बाई.

मोईजभाईंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "काढून टाकत नाही. नुसतं झोपवतो. सगळे आतच राहतील. ऑडिट झालं की उठवा, कुणाला कळणारही नाही."

मी डोळे मिटले आणि हो म्हणाले. त्यांनी सहा बटणं बंद केली, किबोर्ड खोलून चिमट्याने अकरा मोहऱ्या काढल्या, पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. मग लॅपटॉप लावला. पन्नास सेकंद! पन्नास सेकंदांत माझी फाईल समोर. मला रडूच आलं, खरं सांगते. पाच वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते सहा बटणांच्या पलीकडे होतं.

गुरुवारी साडेनऊला गोजाआजी येऊन बसल्या. मी म्हटलं, "आजी, आज लाईटीचं खरं नाही, आरती उशिरा लागेल." त्या बसून राहिल्या, हात जोडून. अकराला ऑडिटर आल्या. चाळिशीच्या बाई, पायात सेफ्टी शूज, चहा नको म्हणाल्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. जनरेटर घुरघुरला, दिवे लागले, आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी ती काळीच. माशांचे बुडबुडे तेवढे चालू होते. ऑडिटर बाईंनी नेमका तेव्हाच कागदावरून बोट फिरवलं. "मार्च महिना, डाव्या बाजूचा ब्रॅकेट, दुसरी बॅच. तपासणीचा रेकॉर्ड दाखवा." आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

अण्णांचा चेहरा पडला. प्रीतम मोबाईल कानाला लावून बाहेर सटकला. मी बटण दाबलं. पन्नास सेकंद, मग फाईल, मग मार्च, मग बॅच. बाईंनी परत घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं दहा सेकंद. व्हेरी गुड."

आणि मागून गोजाआजी, "आगं पोरी, आरती न्हाई झाली! द्येव कुटं ग्येला?"

"आजी काय म्हणतायत?" ऑडिटर बाईंनी विचारलं.

"आशीर्वाद देतायत," मी म्हटलं.

बाई हसल्या. मागच्या वेळी वीस मिनिटं लागली होती, या वेळी काय केलंत, असं विचारलं. मी तोंड उघडणार तोच दारातून प्रीतम आत आला. "मॅडम, आमच्या आयटी टीमने व्हाय-व्हाय केलं." बाईंनी ते लिहून घेतलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गप बसले. म्हटलं, श्रेय घे बाबा, लेटर मला दे.

चार वाजता ऑडिट पास झालं. नव्या गाडीचं काम आमच्याकडेच राहिलं. पेढे वाटले. पाच वाजता अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी केस सारखे केले, ओढणी नीट केली आणि गेले. आत बघते तर घर भरलेलं. सोफ्यावर गोजाआजी तोंड फिरवून बसलेल्या. शेजारी दत्तोबा तात्या, टोपी मांडीवर. प्रीतम लॅपटॉपसमोर, ती यादी उघडून. सहाच्या सहा बटणं बंद, समोर दिसत होती. टेबलावर एक पाकीट होतं, त्यावर माझं नाव.

"पोरी," अण्णा म्हणाले, "काम भारी क्येलंस. आमी मानलं. पन ह्ये काय क्येलंस?"

"अण्णा, म्हणूनच तर पास झालो! त्या सगळ्यामुळेच अठरा मिनिटं लागत होती. मी काढलं नाही काही, नुसतं..."

तात्या मध्येच म्हणाले, "म्हंजी आमी आडथळा व्हय? भाव बघाया मी हितं येतो, तर डबडं कोरं! दोन मानसांसमोर माजी काय राहिली?"

"सकाळधरनं बसलेय मी," आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "देवाला झोपिवलं हिनं."

"आणि जावयबापूंचा फोन आला व्हता," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. कुणी कळवलं असेल ते सांगायला नको. प्रीतम नखं बघत होता. "ह्ये बघ, तुजं लेटर तयार हाय. सही क्येलीय मी. सगळ्यांना ज्याच्या त्याच्या जागेवर बशीव, अन घिऊन जा."

मी चिडले. आवाज चढला माझा. "अण्णा, सहा महिन्यांनी परत ऑडिट आहे. परत अठरा मिनिटं लागतील. तेव्हा काय करायचं? निदान कॅमेरे तरी राहू द्या बंद, म्हैस काय पळून जाणार आहे? तुमच्या कंपनीच्याच भल्याचं सांगतेय मी!"

"तवाचं तवा बगू," अण्णा म्हणाले. ते चिडले नाहीत. त्यांनी पाकीट उचललं आणि नुसतं हातात धरून ठेवलं.

माणसाने काय करावं? मनात आलं, पाकीट तिथेच ठेवावं, लॅपटॉप तात्यांच्या मांडीवर आपटावा आणि गेटबाहेर पडावं. कुठे जाणार होते? शेजारच्या कंपनीत? तिथेही अकरा महिने आणि नवं कार्ड. मला ती दवाखान्यातली खिडकी आठवली, आणि तो माणूस. मी खुर्ची ओढली. आरती चालू केली. कॅमेरे चालू केले. कांदा चालू. एक अँटिव्हायरस, दुसरा अँटिव्हायरस. प्रीतमदादांचा वाढदिवस. प्रत्येक बटणाला केबिनमधलं एकेक तोंड सैल होत गेलं. आजी म्हणाल्या, "गुनाची हाय पोर." लाज वाटली मला, स्वतःची. पण पाकीट घेतलं, आणि अण्णांच्या पाया पडले.

निघताना प्रीतम एकदम खुशीत. "मॅडम, आता तुम्ही घरच्या झालात! तुमचापण एक फोटो टाकतो की यात. अभिनंदन, असं लिहून. कुठे टाकू, शेवटी?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून निघालं, "शेवटी कशाला? जावयाच्या आधी टाक."

शुक्रवारी सकाळी बसमध्ये मी दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसून आले. केबिनमध्ये गेले, लॅपटॉपचं बटण दाबलं, आजींच्या शेजारी सोफ्यावर टेकले. शॉपवरून दोनदा निरोप आला की मॅडम, माल अडलाय, तपासायला या. येते म्हणाले. आरती झाली, म्हैस झाली, लासलगावपासून सोलापूरपर्यंत कांदा झाला. मग स्क्रीन बराच वेळ निळी राहिली आणि फुलांच्या चौकटीत माझा फोटो आला, गुलाबी ड्रेसमधला. माझी फाईल उघडेपर्यंत एकूण बावीस मिनिटं लागली. मी जागची हलले नाही.